भट्टीला धुराडे हवे, नुसता पाईप नको

आपल्या समाजातील किती धंदे लाकडाच्या जाळावर चालतात याची मोजदाद कुणी केली आहे का? पावाच्या आणि नानखटाईच्या भट्ट्या, हलवायांच्या कढया, भटियाऱ्यांची स्वयंपाकघरे, सूत रंगवणाऱ्यांचे हंडे, साइझिंगचे लहान बॉयलर, एवढेच काय, मशिदीत थंडीच्या दिवसांत वुजूचे पाणी तापवण्यासाठी लावलेली शेगडीसुद्धा. या सगळ्या ठिकाणी मालक मंडळी जागेवर खर्च करतात, भट्टीच्या विटांवर करतात, लायसन्ससाठी खेटे घालतात. धुराड्याची वेळ आली की मात्र हात आखडतो. पत्रेवाल्याला बोलावून "एक पाईप वर काढून दे" एवढे सांगितले की काम झाले! मग तो पाईप चार इंची आहे की आठ इंची, दोन ठिकाणी वाकलाय की सरळ आहे, शेजारच्या खिडकीच्या खाली संपतोय की वर, याची चौकशी कुणी करीत नाही.

मी सूत आणि कापडाचा व्यापारी. चिमणी हा माझा धंदा नव्हे. पण सूत रंगवून घेणाऱ्या माणसाला रंगाऱ्याच्या धुराड्याशी पक्का संबंध असतो. जाळ एकसारखा नसेल तर हंड्याचे तापमान वरखाली होते. जो रंग ८० अंशांवर चढायचा तो एका हंड्याला गडद आणि दुसऱ्याला फिका येतो. छताला कोंडलेल्या धुराची काजळी वाळत घातलेल्या लड्यांवर उतरते. पांढऱ्या आणि बदामी सुतावर असा एक डाग पडला की तो माल गिऱ्हाईक परत करते. रंगारी म्हणतो रंग खराब, रंगविक्या म्हणतो पाणी खराब, आणि धुराड्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. हा अनुभव एका गावचा नाही, एका कारखान्याचाही नाही.

उर्दूत चिमणीला फार अचूक शब्द आहे, दूदकश. दूद म्हणजे धूर आणि कश म्हणजे ओढणारा. आपण धुराड्याला धुराची वाट समजतो, धूर आपला आपण वर जाईल असे मानतो. शब्द मात्र सांगतो की हे ओढणारे यंत्र आहे. त्याला चाक नाही, वीज नाही, तरी ते यंत्र आहे, आणि यंत्रासारखेच मापात बांधावे लागते. जुन्या कारीगरांना याची जाण होती. इस्तंबूलच्या तोपकापी महालाचे स्वयंपाकघर १५७४ च्या आगीत जळाले, तेव्हा ते पुन्हा उभारण्याचे काम सुलेमानिया मशीद बांधणाऱ्या मिमार सिनानकडे आले. त्या मुदपाकखान्याच्या उंच चिमण्यांची रांग आजही समुद्रावरून दिसते. एवढ्या मोठ्या उस्तादाला चिमणी बांधणे हलके काम वाटले नाही.

हे यंत्र चालते कसे? आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाकडे बघा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पेटवताना पहिली काही मिनिटे डोळ्यांत धूर जातो. नळी तापली की खालून हवा ओढली जाऊ लागते, घुंघुं आवाज सुरू होतो आणि धूर सरळ वर निघतो. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. जड हवा खालच्या तोंडातून आत घुसते आणि हलकीला वर ढकलते. या ढकलण्यालाच ओढ म्हणायचे. ती दोनच गोष्टींवर अवलंबून असते: धुराडे किती उंच, आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम.

उंची सगळ्यांच्या लक्षात येते, उष्णता कुणाच्याच येत नाही. म्हणून थोडा हिशेब देतो. बाहेर ३० अंश तापमान आहे आणि धुराडे ३० फूट उंच आहे असे धरू. आतला धूर सरासरी १०० अंशांवर असेल तर ओढ मिळते साधारण २ मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढी. धूर २०० अंशांवर असेल तर तीच ओढ जवळपास ४ मिलिमीटर होते. ३०० अंशांवर नेला तर ५. म्हणजे पहिल्या शंभर अंशांच्या वाढीने ओढ दुप्पट झाली आणि पुढच्या शंभर अंशांनी फक्त चौथाईने वाढली. यातून दोन गोष्टी निघतात. धुराडे थंड पडू देणे म्हणजे त्याची अर्धी उंची कापून टाकण्यासारखे आहे. आणि ओढ वाढावी म्हणून जास्त लाकूड कोंबणे म्हणजे पैसा आकाशात सोडणे.

उंचीचाही हिशेब सरळ नाही. १५ फुटांचे धुराडे ३० फूट केले तर धूर दुप्पट वेगाने जात नाही, साधारण १.४ पटीनेच जातो. वेग दुप्पट करायचा तर उंची चौपट हवी. शिवाय वाढवलेला पत्र्याचा पाईप उघडा राहिला तर वरच्या भागात धूर निवतो आणि मिळालेली ओढ तिथेच जिरते. मी अशी धुराडी पाहिली आहेत की मालकाने हौसेने दहा फूट पाईप जोडला, पाच-सहा हजार घातले, आणि धूर होता तिथेच राहिला. मग म्हणायचे, "उंची वाढवून काही होत नाही." होते, पण पाईप गरम राहिला तर. विटांचे धुराडे असेल तर ते एकदा तापले की उष्णता धरून ठेवते. पत्र्याचे असेल तर एकावर एक दोन पाईप घालून मधल्या पोकळीत भाताच्या तुसाची राख किंवा रॉकवूल भरावे. शक्य तितके धुराडे इमारतीच्या आतून वर न्यावे; बाहेरच्या भिंतीला टांगलेले धुराडे पाऊस आणि वारा खात निवते. काही ठिकाणी सिमेंटचा पाईप वापरतात. तो चुलीला कसाबसा चालत असेल, भट्टीच्या उष्णतेने तडकतो.

एवढी मिलिमीटरभर ओढ, तिला अडवायला फारसे काही लागत नाही. काटकोनात वळवलेला पाईप हे पहिले अडथळ्याचे ठिकाण. भिंतीतून आडवा काढून मग वर नेलेल्या धुराड्यात आडव्या भागात काजळी साठते आणि ओढ तिथेच मरते. वळण घ्यावेच लागले तर तिरके घ्यावे. दुसरे, पाऊस येऊ नये म्हणून बसवलेली टोपी. ती पाईपच्या तोंडावर इतकी खाली बसवतात की जणू झाकणच. टोपी आणि पाईप यांच्यात निदान पाईपच्या व्यासाच्या निम्मे अंतर मोकळे हवे, आठ इंची पाईपला चार इंच.

आणि तिसरे म्हणजे पाईपची जाडी, यात तर कंजुषीची हद्द होते. चार इंची पाईप सहा इंचीच्या दोन तृतीयांश धूर नेईल असे वाटते, पण गोल पाईपचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. चार इंचीत सहा इंचीच्या निम्म्यापेक्षाही कमी जागा असते आणि आठ इंचीच्या फक्त चौथाई. उघड्या तोंडाच्या जाळासाठी विलायती गवंड्यांचा जुना ठोकताळा आहे: धुराड्याचे क्षेत्रफळ तोंडाच्या निदान दहाव्या हिश्श्याएवढे हवे, धुराडे आखूड असेल तर आठव्या. तुमच्या भट्टीचे तोंड २४ इंच रुंद आणि १८ इंच उंच असेल तर क्षेत्रफळ झाले ४३२ चौरस इंच. दहावा हिस्सा ४३. त्याला आठ इंची पाईप लागतो. चार इंची पाईप फक्त साडेबारा चौरस इंच देतो. मग उरलेला धूर जाणार कुठे? कामगाराच्या नाकात.

उलट टोकालाही जाऊ नये. फार रुंद धुराड्यात धूर सुस्तावतो आणि निवतो, फार जोराची ओढ भट्टीची उष्णता वर नेते. ताण्याला ताण कमी पडला तर कापड ढिले येते आणि जास्त झाला तर धागा तुटतो, तसेच आहे. म्हणून धुराड्यात झडप हवी, जाळाच्या वेळी उघडी आणि नंतर गरजेपुरती.

झडपेबद्दल मात्र एक गोष्ट अगदी गांभीर्याने सांगायची आहे. उष्णता वाचवण्यासाठी निखारे जिवंत असताना झडप पूर्ण बंद करण्याची सवय काही ठिकाणी आहे. निखाऱ्यातून धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्या बेकऱ्यांत परगावहून आलेली मुले भट्टीवरच्या माळ्यावरच झोपतात हे सर्वांना माहीत आहे. गरम हवा वर जाते आणि तिच्याबरोबर हा वायूही माळ्यावर जातो. झडपेच्या पात्यात बोटभर भोक ठेवावे, म्हणजे ती पूर्ण बंद होऊच शकणार नाही. आणि झोपण्याची जागा भट्टीच्या खोलीतून हलवावी. हा खर्चाचा प्रश्न आहे हे मला कळते, तरीही हलवावी.

धुराडे जेवढी हवा वर नेते तेवढी खालून आत यावी लागते, हेही विसरले जाते. पिठाला वारा लागू नये म्हणून बेकरीवाला दारे-खिडक्या लावून घेतो, मग उकाडा होतो म्हणून भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवतो. हा पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, खोलीत हवेची तूट पडते आणि ती तूट भरायला हवा येते कुठून? धुराड्यातून, उलटी. धुरासकट. मग पंखेवाला त्याहून मोठा पंखा विकून जातो. तपासायचे असेल तर लोबानाची उदबत्ती भट्टीच्या तोंडाशी धरा, पंखा बंद ठेवून आणि चालू करून. धूर आत ओढला जातो की तुमच्या तोंडावर येतो ते दिसेल. बहुतेक ठिकाणी भट्टीच्या तोंडाखाली हवेसाठी वेगळी वाट काढली की पंख्याची गरजच निम्मी होते.

लाकडाबद्दल थोडक्यात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते आपण तोलून विकत घेतो! मग तेच पाणी उकळवण्यात जाळ खर्च होतो, धूर निवतो, ओढ पडते आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो. हा थर पुढे कधी पेट घेतो आणि धुराडेच जळू लागते. पावसाळ्यापूर्वी लाकूड भरून, फोडून, छपराखाली ठेवणारा दुकानदार एका पावसाळ्यात त्या छपराचे पैसे वसूल करतो. रंगवलेले, पॉलिश केलेले फर्निचरचे तुकडे आणि प्लायवूड स्वस्त पडते म्हणून जाळणाऱ्यांना काय म्हणावे? त्या धुरात काय काय असते हे पावात उतरू नये असे वाटत असेल तर ते बंद करा.

आता शेजाऱ्याची गोष्ट, कारण भांडण तिथेच होते. वीस वर्षे बिनतक्रार चाललेले धुराडे एकाएकी धूर मागे टाकू लागते. भट्टी तीच, लाकूड तेच. बदललेली असते ती शेजारची इमारत. कौलारू घर पाडून तीन मजली आरसीसी उभी राहते, वारा तिच्यावर आपटतो आणि तुमच्या धुराड्याच्या तोंडावर दाब पडतो. अमेरिकेत घरगुती लाकडी शेगडीसाठी किमान नियम आहे: धुराडे छपरातून बाहेर पडते तिथून ३ फूट तरी वर, आणि १० फुटांच्या आत छपराचा किंवा इमारतीचा जो भाग असेल त्याहून २ फूट वर. हा मोकळ्या वस्तीतल्या एका घराचा हिशेब. आपल्या गल्लीत तो अपुराच पडेल. आपल्याकडे कोळशावरच्या लहान, ताशी २ टनांपेक्षा कमी वाफ देणाऱ्या बॉयलरसाठी केंद्रीय नियम ९ मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, यांपैकी जे जास्त असेल ते धरतो. यावरून साइझिंगवाल्यांनी आपापले धुराडे मोजून पाहावे.

तक्रार आली की आपल्या मंडळींची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे, "आम्ही कोण आहोत म्हणून हे चाललंय." कधी कधी ते खरेही असते, मी नाकारत नाही. पण आधी त्या शेजाऱ्याच्या खिडकीत, भट्टी पेटण्याच्या वेळी, दहा मिनिटे उभे राहून यावे. पहाटे चार वाजता ज्याच्या घरात धूर शिरतो त्याचे नाव काहीही असो, त्याचा हक्क आहे. आपल्या फिकहमध्ये हा प्रश्न नवा नाही. उस्मानी सल्तनतीत अहमद जेवदत पाशांच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेली 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार झाली. तिने शेजाऱ्याला होणारे असह्य नुकसान कोणत्याही उपायाने दूर केलेच पाहिजे असे ठरवले, आणि उदाहरण दिले तेही भट्टीचे: घराशेजारी भट्टी घातली आणि धुरामुळे घरमालकाला तिथे राहणे अशक्य झाले तर ते असह्य नुकसान होय.

त्याच संहितेने दुसरी बाजूही पाहिली आहे. लोहाराचे दुकान आधीपासून असेल आणि कुणी नंतर त्याला लागून घर बांधले, तर घणाचा त्रास होतो म्हणून त्याला दुकान बंद पाडता येत नाही. आपल्या जुन्या बेकरीवाल्यांना ही बाजू आवडेल. पण आजच्या कायद्यात "आम्ही आधीपासून इथे आहोत" हा बचाव सहसा टिकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ कलम ज्यांना माहीत आहे त्यांनी लक्षात घ्यावे की १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ कलम आले आहे, अधिकार तेच: सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो.

मुंबईचे उदाहरण ताजे आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणाबाबत लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जावे असा आदेश दिला, आणि महापालिकेने ८ जुलै २०२५ ही मुदत कळवली. तिथे उत्तम धुराडे बांधून सुटका नाही. हे बरोबरच आहे असे माझे मत, जरी लहान बेकरीवाल्याला एवढ्या थोड्या मुदतीत भट्टी बदलणे जड गेले आणि त्याला कर्जाची सोय आधी करून द्यायला हवी होती. उंच धुराडे धूर नाहीसा करीत नाही, तो फक्त वर नेऊन पसरवते. ज्या शहरात शेकडो भट्ट्या एका आकाशाखाली आहेत तिथे वर नेलेला धूर कुणाच्या तरी अंगणात उतरतोच.

पण महाराष्ट्र म्हणजे फक्त मुंबई नव्हे. तालुक्याच्या गावांत, जिथे गॅसची पाइपलाइन नाही आणि सिलिंडरच्या भावात पाव परवडत नाही, तिथे लाकडाची भट्टी अजून काही वर्षे राहणार. तिथल्या बेकरी आणि रंगकाम करणाऱ्यांच्या संघटनांनी मुंबईचा आदेश आपल्या दारी येण्याची वाट पाहू नये. वकिलाची फी गोळा करायला ज्या बैठका होतात, त्यांतली एक बैठक धुराड्यासाठी घ्यावी. गावात एक समजदार गवंडी आणि एक पत्रेकाम करणारा निवडून त्यांच्याकडून सगळ्यांची धुराडी मापून घ्यावीत: तोंड किती, पाईप किती, वळणे किती, शेजारची इमारत किती. एकट्याने केले तर महाग, पंधरा जणांनी मिळून केले तर पत्रा आणि मजुरी दोन्हींत भाव मिळतो. हा व्यापार आहे, आपल्याला तो शिकवावा लागू नये.

साफसफाईचे तेवढे राहिले. १९८० च्या दशकापासून सरकारने गावोगाव धुराड्याच्या सुधारित चुली वाटल्या. त्यांतल्या पुष्कळ बंद पडल्या त्या चूल वाईट होती म्हणून नव्हे, तर पाईप काजळीने बुजला आणि तो साफ कुणी केला नाही म्हणून. धुराड्याच्या बुडाशी काजळी काढायचे छोटे दार ठेवलेच पाहिजे. त्याच दारातून थंड धुराड्यात आधी कागदाचा जाळ करता येतो, म्हणजे आतला थंड हवेचा बोळा सुटतो आणि भट्टी पेटवताना धूर मागे येत नाही. रमजानमध्ये बेकऱ्यांचे काम दुपटीने वाढते, म्हणून धुराडे झाडण्याची ठरलेली वेळ शाबान असावी. नवीन बांधून घेत असाल तर ते दार बसवून, त्यातून हात घालून वरपर्यंत उजेड दिसतो की नाही हे स्वतः पाहिल्यावरच गवंड्याचा शेवटचा हप्ता द्या.